दादाची दोन बोटं

४ जानेवारी

काका, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथं सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण टायरच्या दुकानातल्या कंप्रेसरनं तुमचे कान खाल्ल्यापासून फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही "बरं बरं" म्हणायचं एवढंच होतं. मागच्या वेळी मी माझ्या पडशाबद्दल सांगत होते आणि तुम्ही शेवटी माझं अभिनंदन केलंत. म्हणून लिहितेय.

रोपवाटिकेसाठी मी जुनी पिकप घेतली ते कळवलं होतं. फोर व्हील ड्राइव्ह आहे, इंजिन दणकट आहे, टायर मात्र सायकलला शोभतील असे अरुंद. डांबरी रस्त्यावर काही तक्रार नाही. पण बाबांना त्यांच्या जुन्या हवामान चौकीवर जायचंय. चौकी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आता तिथं एक खोली, पुढचा ओटा आणि तो उंच खांब एवढंच उरलंय. खांबावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण करकरतोय म्हणतात. मी म्हटलं, बाबा, इथून तुम्हाला चौकी दिसतसुद्धा नाही. तर म्हणाले, ग्रीस मिळालं नाही की करकरणारच. ग्रीसचा डबा आणून दाराशी ठेवलाय. येताजाता मी त्याला अडखळते.

वाट तुम्हाला ठाऊकच आहे, शेवटचा सगळा पट्टा वाळूचा. मी एकटी जाऊन बघून आले. पहिल्याच चढाला पिकप जी रुतली ती पोटावर टेकली, ट्रॅक्टर बोलवून ओढून काढावी लागली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, रुंद टायर घाला, रुंद चाकं घाला. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला काय विचारतेस? काकाला विचार."

तर विचारतेय. किती रुंद घालू? कोणती चाकं घेऊ? मार्चच्या मध्यावर वारा फिरतो आणि वाट बुजते, मग पाऊस संपेपर्यंत चौकीचं नाव काढायचं नाही. त्याआधी बाबांना नेऊन आणायचंय. मी एकदा म्हटलं, पुढच्या वर्षी निवांत जाऊ. त्यावर बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

तुमची,
भिंगरी

१३ जानेवारी

भिंगरीबाई,

तुझं पत्र दुकानात दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं. सायकलला शोभतील असे टायर म्हणे. तसल्याच टायरांवर तुझ्या बापानं आणि मी तो अख्खा खांब वाळूतून वाहून नेला होता. तो वर चढला होता आणि मी शिडी धरून उभा होतो. वरून त्यानं पाना टाकला तो माझ्या खांद्यावर पडला. अजून थंडीत ठणकतो, त्याला सांग.

आता खरं बोल. चौकी दादाची, पण रुंद टायरांची हौस तुझी ना? इथं रोज एक तरी शौकीन येतो, ज्याला गाडीखाली ढोल बसवून हवे असतात. तू वर्षातून एकदा चौकीवर जाणार आणि बाकीचे दिवस गुलाबाची रोपं पोचवताना रुबाब करणार. कर बाई, काकाचं दुकान कशाला आहे?

पण नीट ऐक. रुंद टायर अरुंद चाकावर चढवला तर तो मधूनच झिजतो आणि वळणावर डोलतो, म्हणून चाकही रुंदच घ्यावं लागतं. तुझं आत्ताचं चाक साडेपाच इंची असणार, मी आठ इंची सुचवेन. चारही चाकं सारखी हवीत, वर स्टेपनीसुद्धा. फोर व्हीलला पुढची चाकं एका मापाची आणि मागची दुसऱ्या मापाची घातली तर आतले दाते एकमेकांशी भांडत बसतात. रस्त्यावर स्टिअरिंग जड लागेल, डिझेल जास्त खाईल, पावसात पाण्यावरून घसरेल. हे सगळं सांगूनही गिऱ्हाईक रुंदच घेतं, हा माझा अनुभव.

दादा तुला सांगेल, टायरातली हवा निम्मी सोड आणि चल. आम्ही तसेच जायचो. हवा सोडली की टायर खाली बसतो, जमिनीला लांबवर टेकतो आणि गाडी रुतत नाही. खरं म्हणजे वाळूत रुंदीपेक्षा ती लांबीच कामाची. पण ते दोघांचं काम आहे. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं पुढं चालत वाळू कुठं घट्ट आहे ते बघायचं. वळण जरा जोरात घेतलं की टायर चाकावरून निसटतो, तो परत चढवायचा, आणि पक्क्या रस्त्याला लागलं की पायपंपानं चारही फुगवायचे. तेव्हा चालवायचा दादा, आणि बाकीची सगळी हमाली माझी. तू एकटीनं तसलं काही करू नकोस. रुंद चाकं घाल, हवा पुरती ठेव, जा आणि ये.

एक माप पाठव. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरव आणि पुढच्या टायरची आतली कड आणि पाट्यांची स्प्रिंग यांच्यात किती फट राहते ते मोज. चाक रुंद झालं की ते आतही वाढणार. ती फट सव्वा इंचापेक्षा चांगली जास्त हवी, नाहीतर घासेल.

आणि दादा स्वतः का लिहीत नाही? बोटं इतकी जाड झाली की त्यांत पेन मावेनासं झालं?

काका

२२ जानेवारी

काका, नमस्कार.

हौस माझी नाही. पण तुम्हाला तसं वाटून मजा येत असेल तर असू दे.

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. पान्याच्या गोष्टीवर हसले, मग बराच वेळ खोकला आला. हवा सोडायचं वाचलं तेव्हा म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्यानं. दोघांचंच काम आहे ते." आणि मला ते वाक्य परत वाचायला लावलं.

माप घेतलं. पट्टी रोपांच्या शेडमध्ये राहिली होती आणि बाबा गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते. मी पट्टी आणायला निघाले तर म्हणाले, पट्टी कशाला, त्याला माझी बोटं पाठ आहेत. वाकून त्यांनी स्वतःच फटीत बोटं घातली. दोन बोटं बरोबर बसतात, तिसरं जात नाही. बाबांची दोन बोटं असंच लिही म्हणाले, म्हणून तसंच लिहिलंय.

आता माझे दोन प्रश्न आणि बाबांचे दोन. माझा पहिला, रुंद टायरानं गचके कमी बसतील का? मला गाडी जरा मऊ चालायला हवीय. दुसरा, सीटवर गादी टाकली तर पट्टा नीट बसतो का?

बाबा विचारतात, या पिकपच्या केबिनमध्ये तीन माणसं बसतात का. आणि चाकं पार्सलनं पाठवली तर वाटेत बिघडतात का, की कुणी सोबत घेऊन यावी लागतात. हे त्यांनी दोनदा विचारलं, म्हणून लिहितेय. मी म्हटलं, पार्सलनं लोक आरसेसुद्धा मागवतात. तर म्हणाले, तू लिही तर खरं.

ते लिहीत नाहीत कारण आळस. दुसरं काही नाही.

भिंगरी

३१ जानेवारी

भिंगरी,

दादाची दोन बोटं म्हणजे पावणेदोन इंच. आमच्या पहिल्या दुकानात पट्टीची चैन नव्हती, आम्ही सगळं त्याच्या बोटांनी मोजायचो. एकदा मी ती बोटं खऱ्या पट्टीला लावून बघितली होती. तेवढी जाड बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. शर्टाची वरची गुंडी त्याची त्याला लावता यायची नाही, आई लावून द्यायची. तेव्हा पावणेदोन इंच फट म्हणजे आठ इंची चाक ऐटीत बसेल. पाचही चाकं आणि टायर मागवलेत. इथं आले की मी स्वतः एकेक फिरवून बघेन आणि मग पाठवेन. कसाबसा माल दादाच्या दारात जाणार नाही.

तुझे प्रश्न. पिकप म्हणजे पाळणा नव्हे. मागं ओझं नसलं की ती उडणारच. रिकामी नेऊ नकोस, मातीची पोती टाक, गचके कमी होतील. वाळू लागली की ती उतरवून ठेव. गादी टाकलीस तर पातळ टाक. एवढी नाजूक कधी झालीस?

दादाला सांग, केबिनमध्ये तिघं बसतात, पण मधल्याचे हाल. एक गिअरचा दांडा आणि एक फोर व्हीलचा, दोन्ही त्याच्या गुडघ्यांत. तुझ्या रोपवाटिकेतल्या कुणाला सोबत नेणार असशील तर मागं बसव. वाळूत वजन कमी तेवढं बरं, दोघांनीच जा.

आणि चाकं काय काचेची आहेत? मालगाडीनं बिनधास्त येतील. कुणी सोबत यायची काही गरज नाही. मीच येणार होतो एकदा, पण सीझन आहे, दुकानात मी एकटा. पावसाळ्यानंतर बघू.

काका

३ मार्च

काका, नमस्कार.

चाकं आली. पाचही चाकं पोत्यात गुंडाळून, वर तुमच्या अक्षरात "सांभाळून" असं लिहिलेलं. इतकी सुंदर आहेत की गॅरेजचे मेस्त्री हात पुसून मगच त्यांना शिवले. बाबांना अंगणात आणून दाखवली. त्यांनी टायरवर हात फिरवला, मग माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याच्या मागं रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "एवढंच आलं?" मी म्हटलं, पाच मागवली, पाच आली.

पण काका, घासतात. सरळ चालवताना काही नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं की पुढच्या टायरची आतली कड स्प्रिंगला लागते आणि करवतीसारखा आवाज येतो. मेस्त्री म्हणतात, असं चालवलं तर टायर कापला जाईल. स्टिअरिंग कमी फिरेल अशी व्यवस्था करता येते, पण मग वाळूत वळायचं कसं? त्यांनी जुनी चाकं परत लावून दिलीत. नवी शेडमध्ये कुंड्यांशेजारी उभी आहेत.

बाबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं हिरमुसतील. उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाले, "कळव त्याला, घासतात म्हणून. आता त्याला बघावंच लागेल."

वारा अजून फिरलेला नाही, पण दुपारी धूळ उडायला लागलीय. थोडेच दिवस आहेत. काय करायचं ते लवकर कळवा.

भिंगरी

११ मार्च

भिंगरी,

घासतात म्हणजे काय? इतकी वर्षं मी चाकं विकतोय, एक चाक परत आलं नाही. पावणेदोन इंचांच्या फटीत सव्वा इंच वाढलेलं चाक घासत नसतं, हा साधा हिशेब आहे. चूक मापात आहे. तू स्टिअरिंग पूर्ण फिरवलंच नसशील, किंवा दादानं बोटं तिरकी घातली असतील. मेस्त्रीनं चाक उलटं तर बसवलं नाही ना?

मी इथं गिऱ्हाइकांना सांगत सुटलो होतो की भावासाठी अशी चाकं पाठवली, तशी पाठवली. आता दुसरी मागवायची तर महिना जाणार आणि तोवर तुमची वाट बुजणार. माझा जीव तिकडं टांगणीला लागलाय आणि तुम्हाला एक फट मोजता येत नाही. रागावू नकोस, पण दादाच्या बोटांत चूक व्हायची नाही. नीट माप घे, पट्टीनं घे, आणि इंचात लिही.

काका

१९ मार्च

काका,

पट्टीनं मोजलं. एक इंच आणि वर जेमतेम एक रेघ.

बाबांनी बोटं तिरकी घातली नव्हती. दोन बोटं बरोबर बसली होती. काका, त्यांची बोटं आता तशी राहिलेली नाहीत. अंगठीला मी आतून दोरा गुंडाळून दिलाय, तरी ती हात धुताना निघते. गुंडी त्यांची त्यांना लावता येते आता. तुमचं ते पत्र वाचताना मी गुंडीची ओळ गाळली होती.

मागच्या पावसाळ्यापासून ते आजारी आहेत. नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले की औषधानं दुखणं कमी करता येईल, आजार नाही. बाबांनी मला बजावलं होतं, काकाला कळवायचं नाही, तो दुकान टाकून धावत येईल. मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं. त्या दिवशी त्यांनी फटीत बोटं घातली तेव्हा मी शेजारीच उभी होते. ती बोटं मला दिसत होती, तरी मी "बाबांची दोन बोटं" असं लिहून मोकळी झाले. तुम्हाला कुठली बोटं आठवणार ते माझ्या ध्यानातच आलं नाही. गादी त्यांच्यासाठी विचारत होते, गचक्यांचंही.

तुमच्या उत्तराची वाट बघत होतो, पण रविवारी वारा फिरायची लक्षणं दिसली. बाबा म्हणाले, "चल, जुन्याच चाकांवर जाऊ." वाळूच्या तोंडाशी मी काडीनं टायरांची हवा सोडत होते आणि ते केबिनमधून नुसता आवाज ऐकून "बस" म्हणत होते. नंतर मी हवा मोजायचा मीटर लावला. चारही टायरांत जवळजवळ सारखी हवा होती.

आणि गेली की गाडी. जिथं ती आधी पोटावर टेकली होती तो चढ लोण्यासारखा गेला. दुसराही गेला. मग ते वळण आलं, जिथं वाट सखल होते. तिथं वाळू दोन्हीकडून सारखीच दिसत होती. उतरून पुढं चालत बघावं तर स्टिअरिंगला कोण? बाबांना चालवणं शक्य नव्हतं, आणि चालणं त्याहून नाही. मी अंदाजानं डावीकडून घेतली आणि रुतलो. फावड्यानं उकरून मागं घेतली, परत पुढं घेतली, परत रुतलो. बाबा घामानं भिजले होते. तिथून खांब दिसत होता काका. ओटा नाही दिसला, पण खांब आणि वरचा बाण स्पष्ट दिसत होता.

बाबा म्हणाले, इंजिन बंद कर. केलं. ते कान देऊन बसले. मग म्हणाले, "करकरतोय." मला काही ऐकू आलं नाही. ग्रीसचा डबा त्यांच्या पायांशी होता. थोड्या वेळानं म्हणाले, "चल मागं. एक माणूस कमी पडला."

आमच्याच चाकोरीवरून उलटी गाडी घेत आम्ही परत आलो. येताना आमच्या दोघांच्या मधली जागा सारखी माझ्या डोळ्यांत खुपत होती. घरी येऊन तुमची पत्रं काढली आणि माझी आठवली. केबिनमध्ये तीन माणसं बसतात का. चाकं सोबत कुणी आणावी लागतात का. एवढंच आलं का. मला वाटत होतं, आजारपणात माणूस काहीबाही विचारतो.

काका, हवा सोडायची युक्ती त्यांना येतच होती. त्यांना टायर नको होते.

तुम्ही या असं बाबा अजूनही म्हणालेले नाहीत. मी म्हणतेय. या.

भिंगरी

२७ मार्च

भिंगरी,

पत्र आत्ता मिळालं. दुकान बंद केलं. सीझन गेला खड्ड्यात.

हे पत्र आधी पोचतं की मी, माहीत नाही. मी आधी पोचलो तर फेकून दे. पत्र आधी पोचलं तर दादाला सांग की चाकं घासतात ती तक्रार बघायला मी येतोय. बाकी काही सांगू नकोस.

काका

१४ जून

भिंगरी,

घरी पोचलो. दुकान उघडलं, पण काम करवत नाही. कुणी टायर दाखवला की मी हवा बघायच्या आधी त्याच्यासोबत कोण आलंय ते बघतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

तिथं असताना तुझ्याशी नीट बोलणं झालंच नाही. आधी दादाचं पथ्यपाणी, मग तो गेल्यावरचं ते सगळं उरकणं, आणि तू जरा बोलायला लागलीस की मला ऐकू यायचं नाही. म्हणून आता लिहितोय.

मी आलो त्या दिवशी तो जागा होता. तू पाणी आणायला आत गेलीस. मला बघून म्हणाला, "चाकं घासतात म्हणे तुझी." मी त्याचा हात हातात घेतला. मला वाटलं होतं मी रडणार नाही. त्याची दोन बोटं माझ्या दोन बोटांवर ठेवून बघितली. भिंगरी, ती माझ्याहून बारीक होती. मी आयुष्यभर त्या बोटांवर हिशेब केले आणि पत्रातून तुलाच मापं शिकवत बसलो.

मी त्याला विचारलं, सरळ ये म्हणून का नाही लिहिलंस? त्याला बोलायला वेळ लागायचा, तुला माहीत आहे. माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "आजारी आहे म्हटलं असतं तर तू घाबरून आला असतास. मला तू हसत यायला हवा होतास. टायरचं विचारलं की येशील असं वाटलं."

मी काय केलं? उत्तर दिलं. जे विचारलं त्याचं तंतोतंत उत्तर दिलं. केबिनमध्ये तिघं बसतात का, तर मधल्याच्या गुडघ्यांचे हाल. चाकं सोबत आणावी लागतात का, तर मालगाडीनं बिनधास्त येतील. ते दोघांचं काम आहे हे मी माझ्या हातानं लिहिलं, आणि दुसरा कोण ते मला सुचलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला ये म्हणत नाही. वडीलसुद्धा आम्हाला घरी बोलवायचे ते कौलं बघायला म्हणून. मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायला हवं होतं.

जानेवारीत निघालो असतो तर त्याला ओट्यावर बसवला असता. तो खालून शिव्या देत असता आणि मी वर चढून ग्रीस लावत असतो, खांदा ठणकत असता तरी. त्याऐवजी मला त्याच्या उशाशी बसायला मिळालं, तेही वाळूची वाट बुजल्यावर. एप्रिलभर तो खिडकीतून त्या दिशेला बघायचा आणि मी त्याच्याकडे. तेवढं तरी मिळालं असं तू म्हणतेस. तुझं खरं आहे. पण मला ते पुरत नाही, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तू त्याचं ऐकलंस, मीही लहानपणापासून त्याचंच ऐकत आलो. त्याचा दरारा तसा होताच.

त्या पाच चाकांचं काय करायचं ते विचारलंस. दुकानदार म्हणून सांगायचं तर परत पाठव, उद्या विकली जातील. पण मला ती इथं बघवणार नाहीत. राहू दे तुझ्या शेडमध्ये. कुंड्या ठेव त्यांच्यावर.

जुन्या टायरांची काळजी घे. ते अरुंद आहेत पण चांगले आहेत. आणि यापुढं टायरचं काही विचारायचं असेल तर खुशाल विचार. मी उत्तर लिहीत बसणार नाही.

काका

९ ऑक्टोबर

काका, नमस्कार.

पाऊस संपला. ट्रॅक्टरवाला परवा वाळूतून जाऊन आला. वाट मोकळी आहे म्हणतो, सखल वळणावर उजवीकडून घट्ट आहे. चौकीच्या ओट्याला एक चीर गेलीय, बाकी सगळं जिथल्या तिथं आहे.

तुमच्या चाकांवर जास्वंदीच्या कुंड्या ठेवल्यात. ग्रीसचा डबा दाराशीच आहे. मी अजून त्याला अडखळते, पण हलवत नाही. केबिनमधल्या मधल्या जागेवर बाबांची गादी तशीच ठेवलीय. शिडी मी धरेन, रोपवाटिकेत धरायची सवय आहे मला.

लिहायचं कारण म्हणजे पिकपचा मागचा उजवा टायर रोज थोडी थोडी हवा सोडतोय. सकाळी भरावी तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसलेला. घरासमोरच पंक्चरवाला आहे, पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.

तुमची,
भिंगरी